छायाचित्राची प्रत गावाच्या दप्तरी

पालघर जिल्ह्याच्या पूर्वेकडील डोंगराळ मुलखात, जेथे जव्हारच्या जुन्या संस्थानचा प्रदेश संपत येतो आणि नाशिक जिल्ह्याची हद्द जवळ येते, त्या मोखाडा तालुक्यातील पोशेऱ्यासारख्या गावांना आणि त्यांच्या भोवतालच्या पाड्यांना कॅमेरा आता अपरिचित राहिलेला नाही. जूनमध्ये शाळा उघडल्या की वह्या-दप्तरांचे वाटप, दिवाळीच्या आधल्या आठवड्यात फराळाचे, थंडी पडली की कांबळ्यांचे आणि वैशाखात विहिरींनी तळ गाठला की पाण्याच्या टाकीचे उद्घाटन, असा परोपकाराचा एक ऋतुक्रमच येथे रूढ झाला असून, मुंबई, ठाणे, नाशिक येथून येणाऱ्या बहुतेक गाड्यांतून सामानाबरोबर छायाचित्रकारही उतरतो. त्याच्या कर्तव्यांविषयी, आणि ज्यांच्यावर त्याचे भिंग रोखले जाते त्यांच्या हक्कांविषयी, आपल्याकडे व्हावा तितका विचार झालेला नाही. माझे म्हणणे असे की अशा कार्यांचे छायाचित्रण अवश्य व्हावे, किंबहुना आजच्याहून अधिक सावकाशीने आणि अधिक बारकाईने व्हावे. परंतु त्याचा पहिला हिशेब देणगीदाराला नव्हे, तर गावाला दिला जावा.

वाटपाच्या कार्यक्रमाचे छायाचित्र कसे घडते ते जवळून पाहण्याजोगे आहे. शाळेच्या पटांगणात दोन खांबांना फलक ताणून बांधलेला असतो. त्याच्यापुढे पाहुण्यांची रांग आणि पाहुण्यांपुढे मुलांची. कांबळे मुलाच्या हाती पडते न पडते तोच कोणी तरी सांगतो, "थांब, तसंच धर, इकडे बघ." पाहुण्यांचा हात कांबळ्यावर तसाच राहतो, मुलाचे दोन्ही हात खालून त्याला टेकू देत राहतात, आणि एवढे करूनही कोणाचे डोळे मिटले गेले असतील तर कांबळे परत घेऊन पुन्हा दिले जाते. मुलगा त्या वेळी रांगेत मागे उभ्या असलेल्या आपल्या सोबत्यांकडे पाहत असतो, कारण ते आपल्याकडे पाहताहेत हे त्याला उमगलेले असते. देणाऱ्याच्या मनात त्याला खजील करण्याचा हेतू तिळमात्र नसतो, हे मी जाणतो. रात्रभर प्रवास करून, स्वतःच्या खिशाला खार लावून आलेली ही सज्जन माणसे असतात. पण घेण्याची कृती जेव्हा दुसऱ्यांदा करावयास लावली जाते, तेव्हा वस्तू गौण होते आणि घेणे हेच त्या मुलाचे काम होऊन बसते.

ह्याचा दोष एकट्या छायाचित्रकाराच्या पदरी घालणे अन्यायाचे होईल. कंपनी कायदा, २०१३ ह्याच्या कलम १३५ अन्वये विवक्षित मर्यादेवरील कंपन्यांना आपल्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते, आणि त्या खर्चाचा दाखला ज्याच्या मेजावर जातो त्या अधिकाऱ्याने मोखाड्याचा घाट कधी चढलेला नसतो. त्याच्या दृष्टीने छायाचित्र हाच पंचनामा. सरकारचीही तीच रीत आहे. रोजगार हमीच्या कामावर मजुरांची हजेरी दिवसातून दोन वेळा छायाचित्रासह नोंदविण्याची सक्ती १ जानेवारी २०२३ पासून झाली, आणि अंगणवाडीतून मिळणाऱ्या घरपोच आहारासाठी २०२५ पासून मातेच्या चेहऱ्याची ओळख पटविण्याचा नियम आला. डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावर मोबाइलला रेंज मिळावी म्हणून उंचवट्यावर जाऊन उभी राहणारी अंगणवाडीताई हे त्या नियमाचे प्रत्यक्ष रूप आहे. रोजगार, आहार आणि कांबळे ह्या तिन्ही गोष्टींसाठी गरिबाला आपला चेहरा हजर करावा लागतो. सधन माणसाला आयकराची सूट घेताना हसतमुख उभे राहावे लागत नाही.

वस्तुतः पुरावा हवा असेल तर तो चेहऱ्याहून कितीतरी भरवशाचा असा कामातच सापडतो. विहीर खोल केली असेल तर पुढच्या आणि त्याच्या पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात तिच्यात किती हात पाणी उरले, ते टिपावे. नळयोजना केली असेल तर उद्घाटनाची फीत नव्हे, तीन वर्षांनंतरची तोटी टिपावी. असे छायाचित्र काढण्यास पुन्हा यावे लागते, आणि बहुतेक ठिकाणी नेमकी हीच अडचण असते.

परक्या माणसाचे दैन्य टिपण्याची ही परंपरा छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. विल्यम जॉन्सन ह्याने मुंबईतील जातिजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ ते १८६६ ह्या काळात प्रसिद्ध केले, आणि त्यापाठोपाठ इंग्रज सरकारच्या आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' ह्या ग्रंथाचे आठ खंड १८६८ ते १८७५ ह्या वर्षांत निघाले; त्यांतील माणसे व्यक्ती म्हणून नव्हे, तर जमातीचे नमुने म्हणून उभी आहेत. १८७६ ते १८७८ ह्या वर्षांतील मद्रास इलाख्यातील भीषण दुष्काळात विलोबी हूपर ह्या लष्करी अंमलदाराने अस्थिपंजर झालेल्या स्त्री-पुरुषांना ओळीने बसवून त्यांचे गट टिपले, आणि त्या गटांची अशी मांडणी करणाऱ्याने त्यांच्या मुखी अन्न घातले काय, हा प्रश्न त्याच्याच देशबांधवांनी त्याच काळात विचारला होता. म्हणजे आज आपण जी शंका काढतो आहोत ती नवी नव्हे. तिचे उत्तर तेवढे प्रत्येक पिढीने पुढच्या पिढीवर ढकलले आहे.

ह्याच परंपरेत दुसरा एक प्रवाह आहे, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. अमेरिकेत १९०८ पासून बालमजुरीविरोधी समितीसाठी काम करणारा लुइस हाइन हा गिरण्यांतून आणि खाणींतून मुलांची छायाचित्रे काढी, तेव्हा प्रत्येक मुलाचे नाव, वय, काम आणि मजुरी ह्यांची टिपणे करी, आणि मुलाची उंची आपल्या कोटाच्या कितव्या गुंडीपर्यंत पोहोचते ते पाहून तिचा अंदाज नोंदवून ठेवी. त्याच्या छायाचित्रांना कायदेमंडळात जे वजन आले, त्यात करुणेइतकाच वाटा ह्या टिपणांचा होता. आपल्याकडे सुनील जाना यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात जी छायाचित्रे काढली त्यांनी देश हलविला. पण त्यांनीच पुढे आपल्या ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या लढ्याच्या वेळी सभेपुढे बोलणाऱ्या गोदावरी परुळेकरांचे छायाचित्र काढले आहे. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वेठबिगार न करण्याची प्रतिज्ञा ज्या लढ्यात झाली, त्या लढ्यातील वारली छायाचित्रात कोणाकडून काही घेण्यासाठी उभे नाहीत, ते आपल्या सभेला जमले आहेत. त्या वेळच्या ठाणे जिल्ह्याचाच एक भाग म्हणजे आजचा पालघर जिल्हा. तेव्हा आदिवासींचे असेही चित्र काढता येते, हे शिकण्यासाठी आपल्याला दूर जाण्याची गरज नाही. अलीकडच्या काळात मुंबई महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जिणे वर्षानुवर्षे त्यांच्याबरोबर वावरून टिपणारे सुधारक ओलवे, ज्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली, ह्याच वाटेचे प्रवासी होत.

नाव न विचारण्याची किंमत काय असते, ह्याचे उदाहरण छायाचित्रणाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेल्या एका चित्रातच आहे. डोरोथिया लँग हिने १९३६ साली कॅलिफोर्नियातील स्थलांतरित मजुरांच्या तळावर एका मातेचे चित्र टिपले. त्या चित्रामुळे तळावर अन्नधान्य येऊन पोहोचले हे खरे, पण लँगने तिचे नाव विचारले नाही, आणि ते जगाला कळावयास १९७८ साल उजाडावे लागले. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन ही ती स्त्री, आणि ती चेरोकी ह्या तेथील मूळनिवासी समाजाची होती. चार दशके तिच्या चेहऱ्याने गोऱ्या शेतकऱ्याच्या दुःखाचे प्रतिनिधित्व केले आणि तिचे स्वतःचे कूळ कोणाच्या ध्यानीमनीही आले नाही. आपल्या वार्षिक अहवालांतून 'आदिवासी महिला', 'एक लाभार्थी' असे मथळे ज्या छायाचित्रांखाली छापले जातात, त्यांतील स्त्री वारली आहे, कोकणा आहे, ठाकूर आहे, महादेव कोळी आहे की कातकरी, हे तरी आपण विचारले आहे काय?

आणि छायाचित्र कोणत्या महिन्यात काढले जाते, ह्यावरही पुष्कळ अवलंबून असते. भात झोडून झाले, नागली-वरईची मळणी आटोपली, की ह्या पाड्यांवरील धडधाकट माणसे जगायला बाहेर पडतात. कोणी भिवंडी-वसईकडील वीटभट्ट्यांवर, कोणी बांधकामांवर, कोणी नाशिककडच्या द्राक्षमळ्यांत. अनेक घरांना कडी लागते आणि मागे राहतात म्हातारी माणसे आणि त्यांच्या ओटीत टाकलेली लेकरे. कांबळ्यांचे वाटप ह्याच दिवसांत होते, आणि त्यामुळे वर्षानुवर्षे शहरातील वाचकाच्या नजरेसमोर जे मोखाडे उभे राहिले आहे ते थकल्या हातांचे आणि उघड्या अंगांचे, कर्ते माणूस ज्यात औषधालाही दिसत नाही असे आहे. ज्या विटांनी शहरे उभी राहिली त्या थापणारे हात त्या चौकटीत नाहीत, कारण छायाचित्रकार पाड्यावर आला तेव्हा ते हात भट्टीवर होते. हेच गाव आवणीच्या दिवसांत पाहावे: गुडघाभर चिखलात पाठीवर इरले घेऊन ओळीने वाकलेली अख्खी कुटुंबे, आणि आपल्या आवणाची मुठी संपली म्हणून शेजाऱ्याच्या वाफ्यात उतरलेली माणसे. हे चित्र त्या वार्षिक अहवालात असते तर देणगीदाराला आपण कोणाशी सहकार्य करतो आहोत, हे यथार्थ समजले असते.

पाण्याच्या छायाचित्रांबाबत तर मला अधिक स्पष्ट बोलले पाहिजे. एप्रिल-मे महिन्यांत डोक्यावर तीन-तीन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या बाया, विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने कळशी भरणारी मुलगी, टँकरचे पाणी विहिरीत सोडताच सोडलेले दोर, ही मोखाड्याची छायाचित्रे दर उन्हाळ्यात आपण पाहतो आणि हळहळतो. ती खोटी नाहीत. परंतु त्याच तालुक्यात कोचाळे गावापाशी मध्य वैतरणेचे शंभर मीटरांहून उंच धरण उभे आहे, आणि त्याचे पाणी मुंबईच्या नळांना जाते. पावसाळ्यात ज्या मुलखात झड आठवडा-आठवडा खंडत नाही, तेथे वैशाखात कोरड का पडते, ह्या प्रश्नाचा एक मोठा भाग त्या भिंतीशी आणि डोंगरउतारावर पाणी अडविण्याच्या न झालेल्या कामांशी निगडित आहे. हंडा दिसतो आणि धरण दिसत नाही, असे छायाचित्र पाहणाऱ्याला वाटते की ही दैवाची करणी आहे आणि दोन टाक्या बसविल्या की तिचे निवारण होईल. ज्या वाचकाने ते चित्र सकाळी चहा घेताना पाहिले, त्याच्या चहातले पाणी कोठून आले, हे सांगण्याची जबाबदारी छायाचित्राखालच्या दोन ओळींवर असते, आणि त्या दोन ओळी बहुधा लिहिल्याच जात नाहीत.

येथे कोणी म्हणेल की करुणा उपजविणारी चित्रे नसती तर ह्या भागाकडे कोणी ढुंकूनही पाहिले नसते. आणि १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके दगावली तेव्हा वृत्तपत्रांनी ती गोष्ट वेशीवर टांगली नसती तर शासन जागे झाले नसते. हा आक्षेप वजनदार आहे आणि मी तो टाळू इच्छीत नाही. परंतु त्या वेळी वृत्तपत्रांनी केले ते सरकारला जाब विचारण्याचे काम होते. त्यात आरोग्य केंद्राचे अंतर, रस्त्यांची अवस्था, रेशनचा पुरवठा, ह्या सर्वांची कैफियत होती. वेदनेचे चित्र जेव्हा कोणाला तरी उत्तर देणे भाग पाडते तेव्हा ते काढण्याला नैतिक अधिष्ठान लाभते. तेच चित्र पुढच्या वर्षीच्या वर्गणीसाठी वापरले गेले की ते अधिष्ठान सुटते. जॉर्गन लिसनर ह्या डॅनिश कार्यकर्त्याने १९८१ साली मदतसंस्थांवर दुःखाचा व्यापार केल्याचा ठपका ठेवला, आणि युरोपातील स्वयंसेवी संस्थांनी १९८९ मध्ये स्वतःसाठी चित्रांविषयीची आचारसंहिता मान्य केली. देणग्यांचा ओघ आटेल ही भीती त्यांनाही होतीच. आपल्याच देशात एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीच्या ऐन कठीण काळात, राजस्थान सरकारने अन्नवाटपाच्या वेळी छायाचित्रे काढण्यास मनाई केली होती.

मुलांच्या बाबतीत मी तडजोडीला तयार नाही. बाल न्याय अधिनियम, २०१५ ह्याचे कलम ७४ काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड होईल असे छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई करते. कांबळे घेणारे प्रत्येक मूल ह्या व्याख्येत बसेलच असे नाही; पण तीव्र कुपोषित म्हणून वजनकाट्यावर लोंबकळत ठेवलेल्या, दंडाला मोजपट्टी गुंडाळलेल्या उघड्या बालकाचे छायाचित्र नावागावासह छापणाऱ्याने त्या कलमाचा आशय तरी मनात आणावा. हे मूल मोठे होईल, जव्हारच्या महाविद्यालयात शिकावयास जाईल, आणि दहा-बारा वर्षांनी कोणीतरी मोबाइलवर ते चित्र त्याच्यापुढे धरील. आईने त्या दिवशी अंगठा उठविला होता, हे उत्तर त्याला कसे पुरेल? शिवाय तो अंगठा कोणत्या परिस्थितीत उठविला गेला, तेही पाहावे. वस्तू देणाऱ्याच्या हातात असताना मागितलेली संमती ही संमतीच नव्हे. ती आदल्या दिवशी, आशाताईच्या किंवा अंगणवाडीताईच्या तोंडून, त्या घरच्या बोलीत मागितली जावी. चित्र कोठे छापले जाईल ते सांगितले जावे. आणि नकार देणाऱ्या बाईला कांबळे सर्वांत आधी मिळावे.

मग अशा कार्यांचे खरे छायाचित्रण कसे असावे? मला वाटते, ज्याने फलक बांधण्यापूर्वी यावे आणि फलक सोडल्यानंतरही थांबावे, त्यालाच ते साधेल. आरोग्य शिबिर असेल तर पहाटे अंधारात पाड्यावरून निघालेली गर्भवती, तिच्याबरोबर आलेली सासू, रांगेत बसल्या बसल्या झोपी गेलेले मूल, औषधाच्या पुड्यांवर खुणा करणारी परिचारिका. सामूहिक जेवण असेल तर तीन दगडांच्या चुलीवर चढविलेले पातेले, पत्रावळी मांडणारी पोरे, आणि सगळ्यांचे झाल्यावर उभ्या उभ्या दोन घास खाणाऱ्या स्वयंपाकिणी. कोणत्याही वाटपात अर्ध्याहून अधिक श्रम गावातल्याच माणसांचे असतात, हे अशा चित्रांतून आपोआप नोंदले जाते. बोहाड्याच्या वेळी तर ह्याची कसोटीच लागते. उन्हाळ्याच्या रात्री टेंभ्यांच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर देवादिकांचे मुखवटे नाचतात तेव्हा शहरातून आलेले कॅमेरे वाट अडवून उभे राहतात, फ्लॅशचे झोत सोंगांच्या डोळ्यांत जातात, आणि सकाळी छायाचित्राखाली 'आदिवासी नृत्य' एवढेच लिहिले जाते. अनेक गावांत सोंगाचा मान ठरलेल्या घराण्याकडे चालत आलेला असतो, मुखवट्याची पूजा झाल्यावाचून तो कोणी तोंडाला लावीत नाही; त्या घराण्याचे नाव, त्या सोंगाचे नाव आणि मुखवटा रंगविणाऱ्या कारागिराचे नाव लिहिले तर त्याच छायाचित्राला दस्तऐवजाची योग्यता येते.

ज्या घरांची इतकी छायाचित्रे निघाली त्या घरांत पाहू गेल्यास कुडाच्या भिंतीवर छायाचित्र क्वचितच आढळते. असलेच तर स्टुडिओतल्या रंगीत पडद्यापुढे काढलेले लग्नाचे, किंवा म्हातारा वारल्यावर त्याच्या आधार कार्डावरचा ठिपक्याएवढा चेहरा जव्हारच्या दुकानात मोठा करून आणलेला, कडा फाटल्यासारख्या अस्पष्ट झालेला. त्याच म्हाताऱ्याचा चेहरा, प्रत्येक सुरकुती स्पष्ट दिसावी असा, कुठल्या तरी संस्थेच्या अहवालात, कुठल्या तरी कार्यालयाच्या प्रवेशद्वारी, चकचकीत कागदावर छापलेला असण्याचा पुष्कळ संभव आहे, आणि त्याच्या नातवाला तो कधीही दिसणार नाही. कायद्याने छायाचित्राची मालकी काढणाऱ्याची, अथवा मोबदला देऊन ते काढविणाऱ्याची. ज्याचा चेहरा त्याची त्यात कवडीचीही नाही. कायदा बदलेल तेव्हा बदलो, पण एक प्रत देण्यास कायद्याची हरकत कधीच नव्हती. छापील प्रतीचा खर्च एका कांबळ्याच्या किमतीपुढे नगण्य असतो.

म्हणून माझी सूचना अशी की ही तजवीज संस्थांच्या भलेपणावर सोडू नये, गावाने ती आपल्या हाती घ्यावी. मोखाडा आणि जव्हार हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याखालील महाराष्ट्राचे २०१४ चे नियम ह्यांनी येथील ग्रामसभेला आपली परंपरा आणि सांस्कृतिक ओळख जतन करण्याचा अधिकार दिला आहे, आणि स्वतंत्र पाड्यालाही आपली ग्रामसभा भरविण्याची वाट मोकळी केली आहे. त्या अधिकारात एक साधा ठराव करता येईल: कार्यक्रमाचे छायाचित्रण करू इच्छिणाऱ्याने पंचायतीत आगाऊ कळवावे, वस्तू देण्याघेण्याच्या क्षणाचे चित्र काढू नये, मुलाची ओळख पटेल असे चित्र आईबापांच्या आदल्या दिवशीच्या संमतीवाचून प्रसिद्ध करू नये, छायाचित्राखाली माणसाला हवे असेल तर त्याचे पूर्ण नाव असावे, आणि महिन्याच्या आत निवडक चित्रांच्या छापील प्रती त्या त्या घरी आणि एक संच पंचायतीच्या दप्तरी, तारीख-तपशिलासह, दाखल करावा. वीस वर्षांनी आपले गाव कसे होते ते कोणाला पाहावयाचे झाले तर ते त्या दप्तरात सापडले पाहिजे.

पोशेऱ्याच्या ग्रामसभेने हा विषय १५ ऑगस्टच्या सभेत घ्यावा, अशी माझी विनंती आहे. २६ जानेवारीच्या सभेला निम्मी घरे भट्ट्यांवर असतात आणि ज्यांच्या चेहऱ्यांचा प्रश्न आहे तीच माणसे गैरहजर राहतात. १ मेलाही बरीच कुटुंबे परतलेली नसतात. ऑगस्टच्या मध्यावर आवणी उरकलेली असते, कर्ती माणसे गावात असतात, आणि ठराव त्या दिवशी मंजूर झाला तर दिवाळीच्या फराळाची पहिली गाडी येण्यापूर्वी त्याच्या प्रती शाळेत, अंगणवाडीत आणि पंचायतीच्या सूचनाफलकावर लावण्यास पुरेसा अवधी राहतो.